जड विमान लवकर खाली येतं का?

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्यावर आलेला आहे.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं. त्यानंतर आठवडाभर आपल्या इचलकरंजीत, चहाच्या गाड्यावर म्हणा, बँकेच्या रांगेत म्हणा, एक वाक्य सारखं कानावर यायचं. विमान लंडनला निघालेलं, इंधनानं गच्च भरलेलं, जड होतं, म्हणून इंजिन बंद पडल्याबरोबर दगडासारखं खाली आलं. त्याच दिवसांत यंत्रमागाचा धंदा असलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "सर, एक सांगा. सुताची पोती भरलेला टेम्पो आणि रिकामा टेम्पो उतारावर न्यूट्रलमध्ये सोडला, तर भरलेला जास्त पळतो. मग भरलेलं विमान इंजिनाशिवाय जास्त लांब जायला पाहिजे. पण लोक म्हणतात जड होतं म्हणून लवकर पडलं. दोन्हीतलं खरं काय?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. खरं सांगायचं तर त्या वेळी मला उत्तर येत नव्हतं. मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, विमानात बसलोय तो खिडकीशेजारी, पुढच्या काचेमागं नव्हे. पण प्रश्न असा होता की तो सोडवताना आधी त्यातले शब्दच तपासावे लागतात, आणि तेवढं काम मी आयुष्यभर केलंय. बाकीचं गणित आठवी-नववीचं आहे.

तर "जड विमान लवकर खाली येतं का" या प्रश्नातला "लवकर" हा शब्द घ्या. मराठीत आपण म्हणतो, "स्टँड लवकर आला." म्हणजे काय? कमी वेळात आला की कमी अंतरावर आला? बोलताना आपण दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबतो आणि आपलं काही बिघडत नाही, कारण रस्त्यावर सहसा दोन्ही एकत्रच घडतं. इंजिन बंद पडलेल्या विमानाच्या बाबतीत मात्र हे दोन अर्थ फुटून वेगळे होतात. जड विमान कमी वेळात खाली येतं, हे खरं आहे. जड विमान कमी अंतरावर खाली येतं, हे खोटं आहे. एका वाक्यात एक खरं आणि एक खोटं बसलंय, म्हणून वाद मिटत नाही. आता हे असं का, ते बघू.

पहिली गोष्ट, इंजिन बंद पडलं की विमान पडत नाही. ते घसरत येतं. हवेवरून घसरतं म्हणा. नाक थोडं खाली करायचं, की विमानाचं स्वतःचं वजनच त्याला पुढं ओढायला लागतं, जसं उतारावर सायकलला पायडल मारावं लागत नाही. पुढं जायला लागलं की पंखांवरून हवा वाहते. वाहणारी हवा पंखांना दोन प्रकारे धरते. एक तर वर उचलून धरते, आणि दुसरं म्हणजे मागं ओढते. पहिल्याला आपण उचल म्हणू, दुसऱ्याला ओढ. वैमानिक लिफ्ट आणि ड्रॅग म्हणतात. सगळी मेख या दोघांच्या प्रमाणात आहे. उचल ओढीच्या नऊपट असेल तर विमान एक मीटर खाली येताना नऊ मीटर पुढं जातं. पंधरापट असेल तर पंधरा मीटर.

सेसना १५२ नावाचं दोन माणसांचं विमान असतं, आपल्याकडच्या शिकवणाऱ्या संस्थांत पुष्कळ वर्षं वापरलं गेलंय. त्याचं प्रमाण साधारण नऊ. जुन्या बोइंग ७४७ चं पंधरा. हल्लीच्या मोठ्या प्रवासी विमानांचं सतराच्या आसपास धरायला हरकत नाही. लोकांना वाटतं की लहान विमान हलकं, ते तरंगेल, आणि मोठं धाडकन खाली येईल. आकडे उलटं सांगतात. साडेतीनशे टनांचं जंबो विमान पाऊण टनाच्या सेसनापेक्षा चांगलं घसरतं.

नकाशावर मांडून बघा. एखादं प्रवासी विमान आपल्या गावावरून ३५,००० फुटांवर चाललंय, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेदहा किलोमीटर वर. सगळी इंजिनं बंद पडली. सतरानं गुणा, १८० किलोमीटर झाले. इथून कोल्हापूरचा विमानतळ, उजळाईवाडीचा, सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर. बेळगावचा सांबरा नव्वदच्या आसपास. गोव्याचा दाबोळी १६० च्या आसपास. म्हणजे वारा नसेल आणि वैमानिकानं वेळ दवडला नाही, तर इचलकरंजीवर इंजिन गेलेलं विमान कागदावर तरी गोव्याला पोचतं. पुणं मात्र हाताशी येत नाही, ते दोनशेच्या पुढं आहे. दगड असा घाट ओलांडून गोव्याला जात नाही.

आता वजन. हे गणित मी एका वेगळ्या हिशेबानं मांडतो, कारण आपलं गाव हिशेबाचं आहे. समजा दोन माणसं प्रवासाला निघाली. एकाच्या खिशात शंभर रुपये, आणि त्याला किलोमीटरला दहा रुपये खर्च येतो. दुसऱ्याच्या खिशात दोनशे, पण त्याला किलोमीटरला वीस रुपये लागतात. कोण लांब जाईल? दोघंही दहाच किलोमीटर. उंचावरच्या विमानाची शिल्लक म्हणजे त्याची उंची गुणिले वजन. वजन दुप्पट, तर शिल्लक दुप्पट. पण जड विमानाला हवेनं उचलून धरायचं तर उचल दुप्पट लागते, आणि उचल दुप्पट म्हणजे त्याच प्रमाणात ओढही दुप्पट. ओढ हा प्रत्येक किलोमीटरचा खर्च. शिल्लक दुप्पट, खर्च दुप्पट, अंतर तेच. वजन दोन्ही बाजूंना असतं आणि कटतं.

इथं एक शंका येते, यायलाच पाहिजे. पंख तर तेच आहेत. मग त्याच पंखांनी दुप्पट उचल आणायची कुठून? वेगातून. हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. तेव्हा जोर दुप्पट पाहिजे असेल तर वेग दुप्पट करायची गरज नाही, १.४१ पट पुरतो, म्हणजे दोनाचं वर्गमूळ. जड विमान त्याच उतारावरून जास्त वेगानं घसरतं. रस्ता तोच, चाल वेगळी. म्हणून ते आधी पोचतं, त्याच ठिकाणी.

आमचे टेम्पोवाले गृहस्थ निम्मे बरोबर होते ते इथं. भरलेला टेम्पो उतारावर खरंच जास्त पळतो, आणि कारणही पुष्कळसं हेच आहे. पण टेम्पोच्या खालचा उतार सरकारनं बांधलेला असतो. ज्योतिबाच्या डोंगराचा रस्ता टेम्पोत पोती किती आहेत हे विचारून वाकत नाही. विमानाला खाली रस्ता नसतो. त्याचा उतार त्याचे पंख ठरवतात, आणि पंखांना वजनाची फिकीर नसते, हवेशी कोन किती एवढंच ते बघतात. कोन तोच ठेवला तर उतार तोच.

हे अजून पटत नसेल तर गॅलिलिओची एक युक्ती उसनी घेतो. जड वस्तू वेगानं पडते असं ॲरिस्टॉटलनं सांगितलं होतं, आणि पुढं कितीतरी शतकं ते शिकवलं गेलं. गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यावर एक प्रश्न टाकला. जड दगडाला हलका दगड बांधला तर काय होईल? हलका मागं ओढेल, म्हणजे जोडी जड दगडापेक्षा सावकाश पडली पाहिजे. पण जोडीचं वजन एकट्या जड दगडापेक्षा जास्त, म्हणजे ती जास्त वेगानं पडली पाहिजे. एकाच वेळी दोन्ही होऊ शकत नाही. मनोऱ्यावर चढायचीसुद्धा गरज नाही, ॲरिस्टॉटलचं विधान स्वतःच्या पायात अडकून पडतं.

आता तेच विमानांना लावा. दोन सारखी सेसना विमानं शेजारी शेजारी घसरत येतायत, इंजिनं बंद. दोघांच्या पंखांची टोकं दोऱ्यानं बांधा. आता हे एक विमान झालं, वजन दुप्पट. वेग बदलला? नाही. अंतर बदललं? नाही. का नाही बदललं, तर वजनाबरोबर पंखही दुप्पट झाले. यातून कळतं ते असं की नुसतं वजन हा प्रश्नच नाही. पंखाच्या प्रत्येक चौरस फुटावर किती वजन येतं, हा प्रश्न आहे. आता मनातल्या मनात दुसऱ्याचे पंख काढून टाका आणि त्याचं वजन पहिल्यात भरा. चौरस फुटामागचा भार दुप्पट झाला. इथं, आणि इथंच, वेग वाढावा लागतो. घसरण्याचा उतार तरीही तोच.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. सेसना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. इंजिन बंद पडलं तर वेग ६० नॉट ठेवा, असं त्याच्या माहितीपुस्तकात दिलंय. ६० नॉट म्हणजे तासाला १११ किलोमीटर. उंची ३,००० फूट धरा. नऊनं गुणलं की सव्वाआठ किलोमीटर अंतर. लागणारा वेळ साधारण साडेचार मिनिटं. आता शिकवणारे सर उतरले, विद्यार्थी एकटा, इंधन थोडं कमी. वजन ६२० किलो झालं. वर्गमूळाचा हिशेब केला की योग्य वेग येतो ५४ नॉट, तासाला १०० किलोमीटर. अंतर? तेच सव्वाआठ किलोमीटर. वेळ? पाच मिनिटांना थोडा कमी. फरक तीस सेकंदांचा. सरांच्या वजनानं एक मीटरही हिरावून घेतला नाही, अर्धं मिनिट मात्र घेतलं.

माहितीपुस्तकात वेग एकच लिहिलेला असतो आणि विद्यार्थी तोच पाठ करतात. तेही ठीकच आहे, कारण सर्वोत्तम वेगाच्या आसपास थोडं इकडं-तिकडं झालं तर नुकसान किरकोळ असतं. आणीबाणीत वर्गमूळ काढत बसायचं नसतं.

अर्धं मिनिट ऐकायला क्षुल्लक वाटतं. ज्याचं इंजिन बंद पडलंय त्याला विचारा. तेवढ्यात पेट्रोलचा व्हॉल्व्ह तपासता येतो, पुन्हा स्टार्टर मारून बघता येतो, रेडिओवर आपली जागा सांगता येते.

२५ जुलै २०२२ ची गोष्ट तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. बारामतीहून उडालेलं एक सेसना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात शेतात उतरलं. आत एकटी शिकाऊ वैमानिक मुलगी होती. विमान वाहतूक महासंचालनालयानं त्याच दिवशी सांगितलं की इंजिनाची ताकद गेल्यामुळं हे सक्तीचं उतरणं झालं, बारामतीच्या धावपट्टीपासून १५ सागरी मैलांवर. मुलगी जखमी झाली, पण वाचली. आता आपला हिशेब लावा. १५ सागरी मैल म्हणजे जवळजवळ २८ किलोमीटर. नऊनं भागा. धावपट्टी गाठायची तर तीन किलोमीटरपेक्षा जास्त उंची, म्हणजे दहा हजार फूट हवेत. शिकाऊ विमानं एवढ्या उंचीवरून जात नसतात. तेव्हा पेपरात फोटो बघून "मागं का वळली नाही" असं जे काही लोक विचारत होते, त्यांना हा भागाकार दाखवावा. शिल्लकच तेवढी नव्हती. विमान हलकं होतं, एकट्या माणसाचं, आणि त्याचा अंतराला काही उपयोग नव्हता.

अहमदाबादचंही तिथंच आहे. त्या अपघातात एकूण २६० माणसं गेली, आणि त्याची चौकशी करणं हे आपलं काम नाही. पण वजनाबद्दल बोललं जातं म्हणून एवढं सांगतो. प्राथमिक अहवालानुसार विमानाचं उड्डाणावेळचं वजन सुमारे २१३ टन होतं आणि त्या दिवशीची मर्यादा २१८ टन. वजन नियमात होतं. उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाला. तो कसा झाला, हा चौकशीचा विषय. त्या क्षणी जमिनीपासून दोनशे मीटरसुद्धा उंची नव्हती. चाकं बाहेर, फ्लॅप बाहेर, म्हणजे सतराचं प्रमाणही उरलेलं नाही. इतक्या थोड्या शिल्लकेत विमान पाच टन हलकं असतं किंवा पन्नास टन हलकं असतं, तरी उताराचं गणित तेच राहिलं असतं. म्हणून "जड होतं म्हणून" हे वाक्य मला खटकतं. ते ऐकायला समजूतदार वाटतं, आणि खऱ्या प्रश्नावरून लक्ष उडवतं.

आता वाऱ्याकडं येतो. वर मी "वारा नसेल तर" म्हटलं होतं, ते शब्द उगीच नव्हते. वारा विमानाला ढकलतो तो जेवढा वेळ विमान हवेत आहे तेवढाच वेळ. आपल्या दोन सेसनांमध्ये तीस सेकंदांचा फरक होता. समोरून तासाला ३७ किलोमीटरचा वारा असेल, तर हलकं विमान तीस सेकंद जास्त मार खातं आणि जडापेक्षा तीनशे मीटर मागं पडतं. जड विमान जास्त लांब जातं! वारा पाठीमागून असेल तर उलट, हलक्याला तीस सेकंद जास्त धक्का मिळतो आणि ते तीनशे मीटर पुढं पोचतं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असताना कोल्हापूरच्या दिशेनं घसरायचं असेल तर जाडजूड माणूस शेजारी बसलेला बरा, आणि सांगलीच्या दिशेनं असेल तर सडपातळ. विनोद सोडा, पण हे अक्षरशः खरं आहे.

वजन मुद्दाम घेऊन उडणारेही लोक आहेत. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर बिनइंजिनाची विमानं विंचनं दोर ओढून वर सोडतात, हे काहींनी पाहिलं असेल. जगभर अशा ग्लायडरच्या शर्यती होतात. त्यातली चांगली यंत्रं एक मीटर खाली येताना पन्नास मीटर पुढं जातात. शर्यतीच्या दिवशी ऊन चांगलं असेल, जमिनीवरून गरम हवेचे लोट जोरात वर चढत असतील, तर हे लोक पंखांच्या पोकळीत पाणी भरतात. शंभर, दोनशे लिटर. कशाला? तोच उतार जास्त वेगानं उतरता यावा म्हणून. गरम हवेत वर चढायला थोडं जड जातं, पण एका लोटापासून दुसऱ्यापर्यंतचा पल्ला भरभर कापला जातो. ऊन उतरलं की पाणी सोडून देतात, आणि जमिनीवर उतरण्याआधी तर सोडतातच. का, ते शेवटी सांगतो.

आपल्या पंचगंगेवर घारी बघा. जोराचा वारा समोरून आला की घार पंख थोडे मिटून घेते. पंख लहान, म्हणजे चौरस फुटामागचा भार जास्त, म्हणजे वेग जास्त. तिला पाणी भरता येत नाही, ती पंखच कमी करते. दोन्ही एकच गणित.

आता दोन मोठ्या घटना सांगतो. एक जड विमानाची आणि एक हलक्या.

२४ जून १९८२. ब्रिटिश एअरवेजचं ७४७, लंडनहून निघालेलं. मुंबई, मद्रास, क्वालालंपूर करत ऑस्ट्रेलियात पर्थकडं चाललेलं. म्हणजे आपल्या सहार विमानतळावर टेकून गेलेलंच हे विमान. रात्री इंडोनेशियावर ३७,००० फुटांवर ते गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. आत २६३ माणसं, टाक्यांत पर्थपर्यंतचं इंधन. विमान भरलेलं होतं. कॅप्टन एरिक मूडी आणि सहकाऱ्यांनी हिशेब केला की या उंचीवरून तेवीस मिनिटं आणि ९१ सागरी मैल मिळतील. भागाकार करून बघा, प्रमाण पंधराचंच येतं. बारा-तेरा हजार फुटांपर्यंत खाली आल्यावर राखेबाहेर इंजिनं पुन्हा पेटली आणि ते जाकार्ताला सुखरूप उतरले. वजनानं त्यांचं अंतर खाल्लं नाही.

दुसरी २३ जुलै १९८३ ची, कॅनडातली. आणि हिच्यात वजनाचा घोळ मुळातच आहे. एअर कॅनडाचं नवं कोरं ७६७. इंधन २२,३०० किलो पाहिजे होतं. कॅनडात तेव्हा पौंडावरून किलोवर बदल चालू होता. इंधनाच्या एका लिटरचं वजन १.७७ हा आकडा वापरला गेला. तो पौंडाचा होता, सगळ्यांनी किलोचा धरला. विमानात गेले २२,३०० पौंड, म्हणजे लागणाऱ्याच्या निम्म्याहून कमी. ४१,००० फुटांवर गडबड सुरू झाली, आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं कोरडी पडून बंद. म्हणजे हे विमान असं की टाकीत थेंब नाही, ६९ माणसं, जितकं हलकं होऊ शकतं तितकं हलकं. दोन्ही इंजिनं गेल्यावर वेग किती ठेवायचा हे त्यांच्या पुस्तकात नव्हतंच. कॅप्टन बॉब पिअर्सन हे हौसेनं ग्लायडर उडवणारे. त्यांनी अंदाजानं २२० नॉट धरला. सहवैमानिकानं उंचीचा काटा बघून हिशेब केला, दहा सागरी मैलांत पाच हजार फूट गेले, प्रमाण बारा. विनिपेग गाठणं शक्य नाही. म्हणून गिमली नावाच्या जुन्या हवाई तळाकडं वळले. आणि तिथं पोचल्यावर अडचण उलटीच झाली, विमान फार उंच होतं! पिअर्सननी विमान तिरकं धरून मुद्दाम ओढ वाढवली, उंची खर्च केली आणि उतरवलं. धावपट्टीवर त्या दिवशी मोटारशर्यतीवाल्यांचा मेळा भरला होता. तरी कुणाचा जीव गेला नाही.

भरलेल्या विमानाचं प्रमाण पंधरा, रिकाम्याचं बारा. विमानं वेगळी आहेत, त्यामुळं यावरून जड चांगलं असं म्हणू नका. पण हलकं म्हणून जास्त तरंगतं हेही म्हणता येत नाही, एवढं नक्की. ओढ ठरवते. आपल्याकडे १५ नोव्हेंबर १९९३ ला मद्रासहून हैदराबादला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० खराब हवेमुळं उतरू शकलं नाही. फ्लॅप अडकल्यामुळं ओढ वाढली, इंधन नेहमीपेक्षा भराभर संपलं, आणि ते तिरुपतीजवळ भातशेतात उतरवावं लागलं. सगळे वाचले. तिथंही खलनायक वजन नव्हतं.

आता एक मोह आहे, त्याच्याबद्दल बोलायलाच हवं. धावपट्टी समोर दिसतेय, थोडी कमी पडतेय. अशा वेळी हात आपोआप दांडी मागं ओढतो, नाक वर करतो, जणू विमानाला थोडं लांबवता येईल. वेग कमी होतो, पंखाचा कोन वाढतो, ओढ वाढते, आणि विमान आणखी अलीकडं उतरतं. फारच ओढलं तर हवा पंखाला सोडून देते. त्याला स्टॉल म्हणतात, आणि मग ते विमान खरोखर दगड होतं. ज्या वेगाला स्टॉल होतो तो वेगही वजनाच्या वर्गमूळानं वाढतो. भरलेल्या विमानात हा धोका जास्त वेगावरच समोर येतो. म्हणजे जड विमानाला जास्त वेग लागतो, आणि भीती सांगते वेग कमी कर. जड विमानाबद्दलची आपली भाबडी समजूत, की ते "लवकर खाली येईल", ही भीती वाढवते. चूक समजूत माणसाच्या हाताला चूक वळण लावते ते असं. मला या विषयात रस का वाटला विचाराल, तर या एका गोष्टीमुळं.

मग वजनाला काहीच दोष नाही का? आहे, पण शेवटच्या क्षणी. जमिनीला टेकताना. टेकतानाची ऊर्जा म्हणजे वजन गुणिले वेगाचा वर्ग. जड विमानाचा वेगाचा वर्गही वजनाच्याच प्रमाणात वाढलेला असतो. म्हणजे वजन दोनदा मोजलं जातं. ६२० किलोच्या सेसनापेक्षा ७५७ किलोचं सेसना जेमतेम बावीस टक्के जड, पण उसाच्या फडात किंवा नांगरटीत टेकताना त्याची ऊर्जा जवळजवळ दीडपट. ती ऊर्जा कुठंतरी जिरावी लागते, चाकांत, पत्र्यात, नाहीतर माणसांत. ग्लायडरवाले उतरण्याआधी पाणी सोडतात ते म्हणून. मोठी विमानं इंधन हवेत सोडतात तीही उतरताना चाकांवर आणि सांगाड्यावर भार येऊ नये म्हणून, लांब घसरण्यासाठी नव्हे. आणि ती सोयही सगळ्यांना नसते. आपण पुण्या-मुंबईहून बसतो त्या ए-३२० ला आणि ७३७ ला हवेत इंधन सोडण्याची व्यवस्थाच नाही. ती घिरट्या घालून जाळतात, आणि तेवढा वेळ नसला तर आहे तशी जड उतरतात.

मघाशी मागून एका मुलानं चिठ्ठी पाठवलीय. "सिनेमात विमान वाचवायला सामान बाहेर फेकतात, त्याचा उपयोग होतो का?" चांगला प्रश्न. इंजिन पूर्ण बंद असेल तर अंतर एक मीटर वाढत नाही. थोडा वेळ मिळतो, समोरचा वारा असेल तर उलट थोडं नुकसान होतं, आणि टेकणं थोडं मऊ होतं. दोन इंजिनांपैकी एक चालू असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं उरलेल्या इंजिनाला कमी ओझं वाहायला लागतं, उंची टिकवता येते, आणि तेव्हा सामान फेकण्याला अर्थ आहे. ही कल्पना मुळात आली असेल ती बलूनवरून. बलून खरोखर वजनावर तरंगतो, वाळूचं पोतं टाकलं की वर जातो. विमान तरंगत नाही रे बाबा, ते धावतं. पोती टाकलेला टेम्पो काय, हळू पळतो फक्त.